समुद्राचा धुरा

मागच्या महिन्यात गावातल्या एका पोट्ट्याचा फोन आला, ताई ते समुद्राचं काम तुले कसं भेटलं, फॉर्म कुठं निघते त्याचा. त्याला सांगता सांगता पाऊण तास गेला, मध्येच त्याची रेंज गेली, आणि तरी अर्धं राहिलंच. म्हणून एकदाच बसून सगळं टाइप करून टाकते, लांबलं तर लांबलं.

पहिले एक क्लिअर करते, फॉर्म-बिर्म काही नव्हता. प्रोजेक्टच्या नोकऱ्यांच्या जाहिराती निघतात त्या वेगळ्या, मी गेले होते ते एमएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या सेमिस्टरच्या डिसर्टेशनसाठी, म्हणजे प्रबंधासाठी. आमच्या बॅचचे बहुतेक सगळे कोळसा खाणींत गेले, जवळ पडतं, रोज घरी जेवायला येता येतं. मी चेन्नईचं नाव काढलं तर सर म्हणाले तुला समुद्र कशाला पाहिजे. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, पण कारण होतं.

आमचं गाव वर्धा नदीच्या काठी, राजुऱ्याच्या बाजूला, आणि आमचं वावर नदीला लागून. २०२२ च्या जुलैमध्ये पूर आला तेव्हा वावराचा नदीकडचा तुकडा गेला. बुडाला नाही, गेला. सोयाबीन सडलं ते वेगळं, पण तिकडचा धुरा म्हणजे वावराचा बांध, धुऱ्यावरच्या दोन बाभळी, हद्दीचा दगड, सगळं नदीत. पंचनाम्याला आले त्यांनी टेप काढला आणि बाबांना विचारलं, कुठून कुठपर्यंत? बाबांनी पाण्याकडं बोट दाखवलं. आता पाण्यात टेप कुठं लावता. सातबाऱ्यावर ती जमीन अजून आमच्या नावानं आहे, जाऊन बघितलं तर तिथं पोट्टे मासे धरतात. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं की जे गेलं ते मोजायचं कसं, दगडच राहिला नाही तर रेघ कुठून ओढायची. नंतर रिमोट सेन्सिंगच्या पेपरला किनारा बदलतो तो उपग्रहाच्या चित्रांवरून मोजतात असं वाचलं आणि म्हटलं हेच ते.

तर प्रोसेस. चेन्नईत समुद्रावर काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या एक नाही तीन संस्था आहेत आणि तिन्हींची नावं सारखीच वाटतात. एनसीएससीएम पर्यावरण मंत्रालयाची, ती सीआरझेडसाठी, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामावर बंधनं असतात त्या पट्ट्यासाठी, भरतीची रेषा वगैरे ठरवते. एनआयओटी समुद्रातली यंत्रं-तंत्रज्ञान बनवते. आणि एनसीसीआर म्हणजे राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्र, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचं, किनाऱ्याची धूप, किनाऱ्याजवळच्या पाण्याचं प्रदूषण, समुद्रातला कचरा हे बघतं. हे १९९८ मध्ये आयसीएमएएम या नावानं सुरू झालं आणि २०१८ मध्ये नाव बदललं, त्यामुळं जुन्या पेपरात एक नाव आणि नव्या पेपरात दुसरं. मी हुशारीनं पहिला मेल चुकीच्या संस्थेला टाकला आणि पंधरा दिवस उत्तराची वाट बघत बसले.

दुसरा मेल बरोबर जागी गेला तर कॉलेजचं पत्र लागत होतं. ऑफिसातल्या बाबूनं टाइप करताना इंग्रजीतल्या कोस्टलमधला ए खाल्ला. मी न वाचताच पाठवून दिलं. नंतर डिक्शनरीत बघितलं तर त्या स्पेलिंगचा अर्थ बरगड्यांचा. म्हणजे मी राष्ट्रीय बरगडी संशोधन केंद्रात जायला निघाले होते! नवीन पत्र आणायला गेले तर विभागप्रमुख रजेवर, असे तीन आठवडे गेले. ज्यांना जायचंय त्यांनी पत्र हातात पडलं की तिथंच उभं राहून वाचा, आणि सहा महिने आधीपासून सुरुवात करा, पंधरा दिवसांत होईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

बल्लारशाहवरून रेल्वे पकडली. आईनं डब्यात भाकरी, ठेचा आणि एवढं मोठं पातळ पोह्याच्या चिवड्याचं पुडकं दिलं होतं, ते बरेच दिवस पुरलं. मंचेरियालच्या पुढं गाडी गोदावरीवरून जाते, तेव्हा मी खिडकीतून हात जोडले, आपल्या नदीचं पाणी म्हणून. नंतर नकाशे करताना कळलं की त्या पुलाखालच्या गोदावरीत आपलं पाणी नसतंच! वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीला मिळते सिरोंच्याजवळ, म्हणजे पुलाच्या बरंच खाली. हात जोडले ते वाया गेले नसतील, पण पत्ता चुकला.

समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा काय वाटलं हे गावात सगळे विचारतात. खरं सांगू का, पहिल्याच लाटेनं एक चप्पल नेली आणि मी दुसरी हातात घेऊन उभी, एवढंच आठवतं.

समुद्र तसाही दोन महिने दिसलाच नाही. पल्लीकरणईला ऑफिस, तिथं कॉम्प्युटरपुढं बसायचं. मला मिळाला होता आंध्रातला गोदावरीच्या मुखाचा पट्टा, उप्पाडा गावापासून खाली अंतर्वेदीपर्यंत. काम असं की जुनी उपग्रहचित्रं घ्यायची, लँडसॅट या अमेरिकेच्या उपग्रहांची फुकट मिळतात, ती एकमेकांवर बरोबर बसवायची, आणि प्रत्येक वर्षाच्या चित्रावर जमीन कुठं संपते ती रेघ माउसनं ओढायची. मग जमिनीच्या बाजूला एक बेसलाइन आखायची आणि तिच्यावरून ठरावीक अंतरानं समुद्राकडे आडव्या रेघा मारायच्या, कापसाच्या वावरात उभे-आडवे तास मारतात ना डिट्टो तसं. प्रत्येक आडव्या रेघेवर १९९० चा किनारा कुठं, २००० चा कुठं, आत्ताचा कुठं, हे बघून वर्षाला किती मीटर आत गेला की बाहेर आला हे काढायचं. त्याला डीसॅस नावाचं अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं टूल आहे, तेही फुकट. अर्ध्या मीटरच्या आतबाहेर असेल तर आम्ही स्थिर धरायचो.

ऐकायला सोपं आहे. पण ओढा ना. बोटानं झूम करत करत जा, तिथं निळंही नाही आणि पिवळंही नाही असे टिपके येतात. लँडसॅटचा एक टिपका म्हणजे जमिनीवर तीस मीटर बाय तीस मीटर. हे मी रात्री बाबांना फोनवर सांगितलं तर ते थांबलेच. "म्हंजे नऊ आर. पाव एकराले थोडं कमी. एका टिपक्यात पाव एकर अन् तू म्हनतं मी धुरा काढून रायली? आपल्या इकडे हातभर धुऱ्यापायी लोकं कोर्टात जातेत." मी त्यांना म्हटलं आता दहा मीटरच्या टिपक्याचीही चित्रं मिळतात, तर म्हणाले तो बी एक आर झाला. बरोबरच होतं त्यांचं. आणि २००३ मध्ये लँडसॅट ७ चा एक भाग बिघडला, त्यानंतरच्या त्याच्या चित्रांत काळे तिरपे पट्टे येतात, माझ्या पट्ट्यातलं एक मुख नेमकं त्या काळ्यात गेलेलं.

आता माझी मोठी चूक. दीड महिन्यानंतर मला एका ठिकाणी किनारा दोनच वर्षांत चाळीस मीटर आत गेलेला सापडला. मी खूश! म्हणजे किनारा गेला म्हणून नाही, सापडलं म्हणून. स्लाइड बनवली, लाल रंग दिला. ज्यांच्या हाताखाली काम करत होते त्या मॅडमनी बघितलं आणि दोनच गोष्टी विचारल्या, चित्रांच्या तारखा काय आणि तेव्हा भरती होती की ओहोटी. मला माहीतच नव्हतं. लँडसॅट सोळा दिवसांनी एकाच जागेवरून जातो, सकाळी ठरलेल्या वेळेलाच, पण समुद्र काही त्याच्या वेळेवर हजर राहत नाही. कधी चढलेला असतो कधी उतरलेला. किनाऱ्याचा उतार विसाला एक असला आणि पाणी मीटरभर उतरलं तर पाण्याची कड वीस मीटर पुढं सरकते, वाळूचा एक कण न हलता. त्यात एक चित्र जानेवारीचं आणि एक नोव्हेंबरचं, आणि पूर्व किनाऱ्याला ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे पावसाचे आणि वादळाचे दिवस, वाळू खरवडून जाते आणि उन्हाळ्यात बरीचशी परत येते. माझे चाळीस मीटर म्हणजे निम्मी भरती-ओहोटी आणि निम्मा मोसम.

मग सगळं परत. जानेवारी ते मार्चचीच चित्रं घ्यायची, भरतीच्या तक्त्यात वेळ बघायची, आणि पाण्याची कड नाही तर भरतीनं ओली झालेली वाळू जिथं संपते ती रेघ धरायची, जिथं ती दिसत नाही तिथं झाडझुडूप जिथून सुरू होतं ती. महिन्याचं काम गेलं. रडले थोडी, मग चिवडा खाल्ला.

हेच काम एनसीसीआरनं अख्ख्या देशाचं केलंय. १९९० ते २०१८ ची चित्रं घेऊन मुख्य भूमीचा ६,९०७ किलोमीटर किनारा मोजला, त्यातला ३३.६ टक्के झिजतोय, २६.९ टक्के वाढतोय, बाकीचा जागच्या जागी आहे. पश्चिम बंगालचा तर साठ टक्क्यांवर झिजतोय, आपल्या महाराष्ट्राचा चौथाई. हे सांगितल्यावर बाबांचा प्रश्न काय, तर "अन् वाढून रायली ते कोनाच्या नावानं चढते?" मी म्हटलं किनारा सरकारचाच असतो. "मंग बरं हाय सरकारचं."

किनाऱ्याची लांबी हा तर वेगळाच तमाशा. शाळेत आपण ७,५१६ किलोमीटर पाठ केलं ना, आता सरकारनं नवीन आकडा दिलाय ११,०९८ किलोमीटर. महाराष्ट्राचा ६५२ चा ८७७ झाला. कोणी समुद्र विकत नाही आणला, जुनी मोजणी लहान प्रमाणाच्या नकाशावरची होती, आता बारीक नकाशावर प्रत्येक खाडीचं वळण मोजलं एवढंच. दोर ताणून मोजला तर धुरा कमी भरतो आणि पावलानं वाकडंतिकडं चाललं तर जास्त भरतो, हे आपल्याकडं चौथीतल्या पोराला कळतं.

तिसऱ्या महिन्यात एकदाचं फील्डवर नेलं, चेन्नईच्या दक्षिणेला कोवलमच्या बाजूला. ओहोटी पहाटेची म्हणून साडेतीनला उठायचं. बीच प्रोफाइल म्हणतात त्याला. माहीत असलेल्या पॉइंटवर तिपाईवर एक जीपीएस ठेवायचं, ते हलत नाही, आणि दुसरं काठीच्या टोकावर लावून आपण घेऊन चालायचं. वाळूच्या टेकाडाच्या मागून सुरू करायचं आणि सरळ रेषेत समुद्राकडं, उतार बदलला की थांबायचं, काठीवरचा पाण्याचा बुडबुडा गोलाच्या मध्ये आणायचा, बटण दाबायचं, पुढं. कोरड्या वाळूत सोपं आहे. कमरेइतक्या पाण्यात लाइफ जॅकेट घालून लाट येते तेव्हा बुडबुडा मध्ये आणून दाखवा. लाट येते त्याच्यापेक्षा परत जाते तेव्हा जास्त भीती वाटते, पायाखालची वाळू घेऊन जाते, टाच खड्ड्यात. मला वावरातलं ढेकूळ पायाखाली फुटतं ते माहीत, जमीन अशी निघून जाताना पायाला कधी कळली नव्हती.

नंतर उत्तर चेन्नईला एन्नोरच्या बाजूला नेलं, तिथं बीच जवळपास नाहीच, दगडांची भिंत आणि मध्ये मध्ये समुद्रात काढलेले दगडी बांध. कारण काय तर बंदर. पूर्व किनाऱ्यावर वर्षातला जास्त काळ लाटा वाळूला दक्षिणेकडून उत्तरेकडं ढकलत नेतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मद्रास बंदराचे बांध समुद्रात काढले तेव्हा ती वाळू दक्षिणेला अडली आणि तिथं मरीना बीच एवढा रुंद झाला की लोक फिरायला जातात, आणि उत्तरेला वाळू पोहोचेनाच, तिकडचा किनारा खात गेला. वरच्या वावरवाल्यानं बांध घातला की खालच्याच्या वावरात काय होतं हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. पुद्दुचेरीलाही हेच झालं, १९८० च्या दशकातल्या बंदरानंतर शहरापुढचा बीच गेला, तो परत आणायला २०१८ च्या सुमारास तिथं पाण्याखाली स्टीलचा पाचरीच्या आकाराचा बांध बसवला आणि शहरापुढं परत वाळू साचली. म्हणजे जमतं, पण आधी काय अडवलं होतं ते शोधावं लागतं. नुसती दगडांची भिंत टाकली की झिजणं पुढच्या गावाला सरकतं.

तिथं एक म्हातारे मासेमार होते. मला तमिळ येत नाही, त्यांना हिंदी नाही. मी हातवारे करून विचारलं तुमचं घर कुठं. त्यांनी आधी रस्त्यापलीकडच्या चाळीकडं दाखवलं, मग मान हलवली आणि वळून पाण्याकडं बोट केलं. मी वहीत पॉइंट नंबर लिहिला आणि पुढं गेले, दुसरं काय करणार होते.

वाळूचे नमुने आणले ते ओव्हनमध्ये वाळवून चाळण्यांत टाकायचे. वरून मोठ्या छिद्राची, खाली बारीक, खाली अजून बारीक, अशी उतरंड, मशीनवर पंधरा मिनिटं हलवायची आणि प्रत्येक चाळणीतलं वजन करायचं. एका नमुन्यात काळे थर होते, मी एकदम म्हटलं ही आमची काळी माती! मॅडम हसल्या आणि पाकिटावर चुंबक फिरवलं, काळे कण टुणटुण उडून चिकटले. मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज. आपली काळी माती बीचवर थांबतच नाही म्हणे, ती इतकी बारीक की पाण्यातच तरंगत दूर खोल समुद्रात जाते, थोडी खारफुटीत अडकते. बीच बनतो तो जाड कणांचा, म्हणजे नदीच्या तळातून घसरत येते त्या रेतीचा.

आणि इथं मला जरा खटकलं. कारण गोदावरीच्या मुखाचा किनारा झिजतोय, उप्पाड्याला तर रस्ता कितीदा तुटला, आणि एक मोठं कारण म्हणून पेपर सांगतात की नदी आता पूर्वीसारखा गाळ आणत नाही. १९७० च्या दशकात वर्षाला सुमारे १५ कोटी टन यायचा, १९९० च्या दशकात सहा कोटी टनाच्याही खाली आला. धरणांत अडकतो. प्राणहिता ही गोदावरीची सगळ्यात मोठी उपनदी, म्हणजे त्या हिशोबात आपला विदर्भवाल्यांचाही वाटा चांगलाच आहे. आणि जी रेती धरणात अडकत नाही ती आपल्या घाटावरून रात्री टिप्परनं जाते हे मी कोणाला सांगू, गावात सगळ्यांना माहीत आहे कोणाचा टिप्पर आहे. मी मॅडमना विचारलं की आमच्या घाटावरची एक ट्रॅक्टर रेती कमी झाली तर उप्पाड्याला किती कमी होते. त्या म्हणाल्या असा सरळ हिशोब नसतो, रेती तिथून इथं यायला खूप काळ लागतो, मध्ये बंधारे, मध्ये नदी स्वतः ठेवते आणि उचलते. बरं वाटलं थोडं. कारण आमचं नवीन बाथरूम त्याच रेतीचं आहे, दोन ट्रॅक्टर, मीच पैसे मोजून दिले होते.

व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा झाली, मार्क बरे पडले. भाडं, मेस, सगळा खर्च घरचा होता, हे त्या पोट्ट्यानं आधीच बाबांना विचारून ठेवावं.

उन्हाळ्यात घरी आले तेव्हा बाबा म्हणाले एवढं शिकून आली त् आपला धुरा मोजून दे. जीपीएस काही मी घरी आणलं नव्हतं. पण विहीर आहे, ती हलत नाही. विहिरीच्या कठड्यावर पेंटनं खूण केली, तिथून नदीकडं सरळ दोर धरला, मध्ये दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या म्हणजे दरवेळी त्याच रेषेत चालता येईल, आणि टेपनं मोजलं. ४३ मीटर आणि वर थोडं. कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं. दर अमावस्येला मोजा म्हटलं, तारीख आठवत राहते. काका बघायला आले होते, म्हणाले कायले एवढं, नदी काय तुमच्या टेपाले भेते का.

आता मी नागपूरला आहे, प्रोजेक्टच्या जाहिराती बघतेय. पोळ्याला घरी जाता आलं नाही. संध्याकाळी बाबांचा फोन आला, बैल धुऊन झाले, पुरणपोळ्या झाल्या, पाणी खूप आहे नदीला, टेप घेऊन वावरात उभा आहे म्हणाले. मागून पावसाचा आवाज येत होता. मग म्हणे, "पानी चढून हाय आज. पान्यापासून मोजू का दरडीपासून?"

दरडीपासून, मी म्हटलं. आणि पाणी चढलेलं होतं ते बाजूला लिहा.

"ते त् लिवलं मी आधीच."